सहाफुट्यांची पट्टी

उंची पाच फूट दोन इंच, तरी सगळी गल्ली त्याला सहाफुटे म्हणायची. कारण त्याची खुर्ची. दर महिन्याच्या सुरुवातीला हा फोटोग्राफर गच्चीवर ट्रायपॉड लावायचा, टेपनं मोजून सहा फुटांवर खुर्ची मांडायचा, तिच्या पाठीला वर्तमानपत्र टाचायचा आणि बारीक अक्षर स्पष्ट दिसेपर्यंत लेन्सची कडी फिरवत बसायचा. वाइड लेन्सचं गणितच तसं. फोकस डोंगरावर धरला तर पायाजवळचा दगड पुसट, दगडावर धरला तर डोंगर गेला; मधे सहा फुटांवर धरला की दोन्ही लख्ख. लेन्सवर छापलेल्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. तसा तो कशावरच नव्हता म्हणा. कडी जुळली की तिच्यावर पांढरी चिकटपट्टी, आणि महिनाभर कुणी हात लावायचा नाही.

एकदा पट्टीचं टोक दुमडलेलं दिसलं. पुढच्या वेळी त्यानं कडीवरून लेन्सच्या नळीवर पेन्सिलीची रेघ ओढली आणि गप्प राहिला. सकाळी रेघ केसभर सरकलेली.

घरात माणसं दोनच. म्हणजे बायको! गुडघ्यांपायी डोंगर चढणं बंद करा, असा धोशा तिनं लावलाच होता. फोटो बिघडले की कॅलेंडरसाठी डोंगरांचे फोटो काढायचं काम जाणार, आणि हा घरी बसणार. बारा वर्षांचं ते एकच काम आता हातात उरलं होतं. वरून कशी साळसूद, असं त्याच्या मनात आलं आणि तो जाम चिडला. त्या महिन्याचे फोटो मात्र नेहमीसारखेच लख्ख आले होते. पण संशयानं डोकं भरलेलं असलं की माणूस तेवढं बघत नाही.

त्यानं कॅमेरा कपाटात कोंडला. किल्ली खिशात.

"कुलूप कशाला?" बायकोनं विचारलं.

"उंदीर झालेत."

"कॅमेरा खाणारे?"

डोंगरावर निघायच्या दिवशी ती दारात घुटमळली. "मी एकदा बघून देऊ का?"

"काही गरज नाही."

परत येऊन फोटो पाठवल्यावर चौथ्या दिवशी कॅलेंडरवाल्याचा फोन आला. "अहो, पुढचे दगड ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे दिसतायत. सगळ्या फोटोंत. शनिवारपर्यंत नवे द्या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

कपाटाला कुलूप होतं. किल्ली खिशात होती. कुणाचाच हात लागला नव्हता.

त्यानं कॅमेरा बायकोपुढे ठेवला. "माझी कडी किती दिवस नीट करतेयस?"

"दोन वर्षं." फोटो घरी धुवायचे त्या काळापासून भिंग लावून फोटोचा कण न् कण तपासायची ती तीच. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"सांगायचं होतंस."

"डोळे तपासून या म्हणून तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टर आणि चष्मेवाल्याचं साटंलोटं असतं. मग काय करणार? काम गेलं असतं तर तुम्ही खचला असता."

दोघं गच्चीवर गेले. त्यानं खुर्ची मांडली. तिनं पट्टी सोलली, स्क्रीनवर अक्षर मोठं केलं आणि कडी केसभर फिरवली.

"आता बघा. दिसतोय फरक?"

तो वाकला. अक्षर त्याला आधी दिसत होतं तसंच आताही दिसत होतं. त्यानं जुना चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"नाही," तो म्हणाला आणि नवी पट्टी तिच्या हातात दिली.