मार्थामावशीची सोमवारची फेरी

मार्थामावशी गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. यवतमाळच्या स्टँडवर मी आर्णीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. दिग्रसहून आलेल्या गाडीतून तो उतरला, मला पाहून थबकला आणि म्हणाला, "बाई, तुमची ती भाकरवाली मावशी गेली ना. काल माती झाली." एवढं सांगून तो चहा प्यायला निघून गेला. आर्णीची गाडी आली, भरली, निघूनही गेली, आणि मी बाकावरच बसून राहिले. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते विचाराल तर नाव सांगता येणार नाही. मी बुद्धाची, देव मानत नाही, त्यामुळे रागावायला माझ्याकडे वर कुणी नाही. मावशीला मात्र होता. ती त्याच्यावर रागवायची, त्याच्याशी अबोला धरायची आणि पुन्हा त्याच्याच दाराशी जाऊन बसायची… तिची गोष्ट चार लोकांना कळावी असं तेव्हापासून वाटत होतं, म्हणून हे लिहितेय.

दिग्रसच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा आमच्या घरानं दीक्षा घेतल्याला वर्षही झालं नव्हतं. छप्पन साली आम्ही घरातले देव नदीत सोडले, पण आडनाव काही नदीत सोडता येत नाही. खोली बघायला गेलं की आधी पाणी मिळे, मग गाव विचारलं जाई, मग आडनाव, आणि मग ती खोली कालच कुणीतरी घेतलेली निघे. शेवटी जिनिंगच्या मागच्या ख्रिस्ती गल्लीत मिशनच्या दवाखान्यातल्या एका आयाकडे खोली आहे असं कळलं. ती हीच मार्थामावशी. बुटकी, काळीसावळी, नवरा वारलेला, पदरात सारा नावाची एक मुलगी. तिनं आडनाव विचारलं नाही. "कंदील लई वेळ जाळत नाई ना?" एवढंच विचारलं. "बाजूले कापसाच्या गंज्या हायत, बाई. मले आगीचं भेव." मी नाही म्हटलं आणि सामान आत ठेवलं.

सारा माझ्याच वर्गात, तिसरीत. भारी बोलघेवडी पोर. शाळेत मला बाई म्हणायची आणि घरी आल्यावर माझ्याच ताटातली शेंगदाण्याची चटणी पळवायची. मावशी आणि मी देवावरून वाद घालायचो तेव्हा ती मध्ये बसून दोघींना मार्क द्यायची, आणि नेहमी आईला जास्त द्यायची. मी तक्रार केली की म्हणायची, "भाकर तं तेच देते ना." अशा पोरीला दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, आला.

या तापाची रीत तेव्हा सगळ्यांना ठाऊक होती. ताप उतरला तरी पातळ पेजेशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही, कारण आतडं नाजूक झालेलं असतं. दवाखान्यात मार्थामावशीच दुसऱ्या बायकांना यावरून दटावत असे. पण एका सकाळी साराचा ताप उतरला, ती उशाला टेकून बसली आणि म्हणाली, "आई, भाकर दे न वं… जराशीच." इतक्या आठवड्यांनी पोरीनं स्वतःहून काही मागितलं होतं. मावशीनं भाकरीचा वरचा पापुद्रा काढला, दुधात कुस्करला आणि भरवला. संध्याकाळी पोट फळीसारखं झालं. दुसऱ्या दिवशी सारा गेली.

मिशनची डॉक्टरीणबाई भली होती. ती म्हणाली, कदाचित आतडं आधीच फाटलं असेल, कदाचित भाकरीनं काही झालंही नसेल. मी हेच मावशीला वेगवेगळ्या तऱ्हेनं समजावत राहिले, शिकलेल्या माणसाला हौस असते तसं. पण त्या 'कदाचित'वर तिला पाय ठेवून उभं राहता येईना. "मले मालूम होतं, बाई," ती म्हणायची. "दुसरीनं केलं असतं त म्या तिले काय म्हनलं असतं?" तिनं चुलीला हात लावणं सोडलं. स्वयंपाक मी करायची. माझ्या हातचं ती दोन घास खायची, स्वतःच्या हातचं पाणीसुद्धा नको म्हणायची. दवाखान्यात तिनं वॉर्डातलं काम सोडून कपडे धुण्याचं मागून घेतलं. उजवा हात पदराखाली झाकून बसायची, आणि तासन् तास एकाच गोष्टीचा विचार करत राहायची. तो विचार तिला पोखरत होता हे मला समोर दिसत होतं, आणि मला काहीही करता येत नव्हतं.

आता त्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. त्या लोकांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सगळ्यांनी मिळून एका भाकरीतला तुकडा खायचा, प्रभूची आठवण म्हणून. मोठ्या गावांतून त्याला पाव लागतो. दिग्रसला पूर्वी पाव मिळत नसे, म्हणून इथं ज्वारीची एक मोठी भाकर करत आणि पुढं पाव मिळू लागला तरी तीच चाल राहिली. भाकर दर महिन्याला एकेका घरून यायची. नंबर ठरलेले. ज्या घराचा नंबर त्या घरच्या बाईला त्या दिवशी मोठा मान.

सारा गेल्यावर काही महिन्यांनी मावशीचा नंबर आला. शनिवारी शाळेतून आले तर ही अंगणात ज्वारी पाखडत बसलेली! मी पाय न वाजवता आत गेले, न जाणो तिचा विचार मोडायचा. तिनं पीठ दळून आणलं, चूल सारवली, परात घासून उन्हात ठेवली. आणि दिवेलागणीला पाळकीणबाई आल्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंची बायको. स्वभावानं लोण्यासारखी बाई. मावशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मार्था, या वेळेस तू राहू दे. एलिशाबाई करून राह्यली. तुले कायले तरास?" मावशी "बरं" म्हणाली. त्या गेल्यावर तिनं पीठ परत डब्यात ओतलं आणि वरून हातानं सारखं केलं.

"त्यांनी दयेनंच केलं, मावशी," मी म्हटलं.

"दयाच असन. पन माझ्या हातची भाकर नको कोनाले."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली देवळात गेली. तिथले लोक प्रार्थनेच्या घराला देऊळच म्हणतात. मावशी गेली नाही. दुपारी ती घरात दिसेना म्हणून मी शोधत निघाले, तर जिनिंगच्या मागच्या पडीक विहिरीवर बसलेली, पाय आत सोडून. चपला बाजूला नीट काढून ठेवलेल्या आणि त्यांवर दवाखान्याच्या किल्ल्या, सापडाव्यात म्हणून. मी शेजारी जाऊन बसले आणि तिचा पदर मुठीत धरला. "सोड न वं," ती म्हणाली. "नाही सोडत," मी म्हटलं. रस्त्यानं कापसाच्या बैलबंड्या जात होत्या, गाडीवान आमच्याकडे बघून पुढं जात होते. ऊन कलल्यावर ती म्हणाली, "पायाले मुंग्या आल्या," आणि तिनं पाय वर घेतले. मी तिला घरी आणलं, झोपवलं आणि तडक पाळकसाहेबांकडे गेले. झालेलं सगळं सांगितलं.

पाळकसाहेब म्हातारे, एका डोळ्यात मोतीबिंदू, बोलणं आमच्यासारखंच गावाकडचं. दुसऱ्या दिवशी येऊन अंगणातल्या बाजेवर बसले. मला वाटलं, आता प्रवचन ऐकावं लागणार. ते म्हणाले, "मार्था, आमचं चुकलं. पुढच्या महिन्याची भाकर तुझ्या घरून."

"साहेब, या हातानं म्या माझी पोरगी मारली."

ते 'नाही' म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत, आणि मला त्यांचा संताप आला. "असन," ते म्हणाले. "मले मालूम नाई, तुलेबी मालूम नाई. प्रभूले मालूम हाय. अन् हे मालूम असून त्याले तुझ्याच हातची भाकर पायजे."

"अन् कोनाले काई झालं त?"

"पयला घास माझा."

त्या रविवारी मी देवळाच्या दारात बसले होते. आत जाऊन गुडघे टेकणं मला जमणारं नाही, पण बाहेर राहवत नव्हतं. मावशी भाकर पांढऱ्या फडक्यात घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा फाशी जाणाऱ्या माणसासारखा होता. पाळकसाहेबांनी ती मोडली, आधी आपण खाल्ली, मग वाटली. मावशी एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी. लोक खात होते. मागच्या महिन्याची भाकर करणाऱ्या एलिशाबाईनं मात्र तुकडा हातात घेतला, डोळे मिटले आणि हळूच पदराच्या टोकाला बांधून टाकला. तो मला दिसला, आणि मावशीलाही दिसला.

सोमवारी सकाळी ती चहा न घेताच निघाली. कुठं ते कळेना, म्हणून मी मागोमाग गेले. गल्लीतल्या प्रत्येक दारात ती उभी राहायची आणि विचारायची, "पोट बरं हाय ना?" कुणी हसलं, कुणी "हाय, हाय" म्हणत आत वळलं. लाज तिच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होती. एलिशाबाईच्या दारात तिनं तेच विचारलं, तशाच आवाजात. एलिशाबाई रडायला लागली. तिनं पदराची गाठ सोडली, तो वाळका तुकडा काढला आणि मावशीच्या देखत उभ्या उभ्या खाल्ला. घशात अडकला तेव्हा आतून पाणी मावशीनं आणलं. इतक्या महिन्यांनी तिच्या हातून कुणाला तरी पाणी पिताना मी पाहत होते.

त्यानंतर ते विचार गेले, प्रार्थनेनं सगळं धुऊन निघालं, असं लिहिलं तर मावशी मला खोटारडी म्हणेल. ते येत होते. पहाटे चुलीपुढं बसली की हमखास. फक्त ती आता त्यांच्यापुढं मान खाली घालत नव्हती. एकदा मी विचारलं, तर पीठ मळता मळता म्हणाली, "ते मनातलं म्हनते, तू मारलं. पयले मी त्याच्यासंगं भांडत होती. आता भांडत नाई. म्हनलं, असन बाबा. पन ज्याच्यापाशी माझी सारा हाय, त्यानंच माझ्या हातची भाकर घेतली. तुले काई बोलाचं असन त त्याच्यासंगं बोल." आणि मोठ्यानं नाव घेऊन, शेजारच्या माणसाला सांगावं तसं, "प्रभू, हे पाह्य, आलं पुन्हा," म्हणायची. मला हे पटायचं नाही. मी म्हणायची, मावशी, हे तुझं तूच मनाला समजावतेस. ती म्हणायची, "तू समजावलं होतं तवा काहून समजलं नाई मंग?"

ती वॉर्डात परतली. मुदतीच्या तापाच्या पोरांना स्वतःच्या हातानं पेज भरवू लागली. पहिल्या दिवशी निम्मी पेज पोराच्या गळ्यावर गेली म्हणे. तिचा भाकरीचा नंबर पुन्हा कधी चुकला नाही आणि सोमवारची फेरीही. पुढं पुढं गल्लीला तिची गंमत वाटू लागली. ती दिसली की लोकच आधी ओरडायचे, "पोट बरं हाय वं, मार्था!" तरी ती प्रत्येक दारात जायचीच. तिच्या लेखी ती गंमत कधीच नव्हती.

माझी यवतमाळला बदली झाली, आणि मावशीच्या पोटात गाठ निघाली. शेवटची भेटले तेव्हा ती त्याच दवाखान्यात खाटेवर होती, नुसती हाडं. मला जवळ बोलावून म्हणाली, "बाई, ते परत आलं. आता वेगळं बोलून राह्यलं." मी विचारलं, काय म्हणतं? ती छताकडे बघत म्हणाली, "तिथं सारा भेटन. पोरगी भुकेनंच गेली ना… तिनं पयले भाकरच मागतली त?"

मी तिथलं काही मानत नाही. आमच्या दोघींच्या दहा वर्षांच्या वादात मी एकदाही मागं हटले नव्हते. पण तिचा तो उजवा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "मागितली तर दे, मावशी. पोटभर दे." तिनं डोळे मिटले. हसली की कळ आली, ते मला कळलं नाही.

ती गेल्यानंतर आलेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नंबर तिचाच होता. मी शनिवारीच दिग्रसला गेले. गल्लीतल्या बायकांनी तिचं घर उघडून चूल सारवून ठेवली होती. या वेळी तिला वगळायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सकाळी एलिशाबाईनं परात माझ्यापुढं सरकवली. "तिच्या हातचं तुमी खाल्लं तेवढं कोनं खाल्लं? तुमीच थापा." मी त्यांच्यातली नाही, असं म्हणाले. पाळकसाहेब, आता दोन्ही डोळ्यांनी अधू, ओट्यावरून म्हणाले, "पीठ तिचंच हाय ना? मंग थाप." मी थापली. कडेला चिरली, एका बाजूनं करपली. त्यांनी ती मोडून खाल्ली, आणि मी नेहमीसारखी दारात बसून राहिले.

सोमवारी सकाळच्या गाडीनं परतायचं होतं. पिशवी भरली, घराला कुलूप लावलं, किल्ली एलिशाबाईकडे दिली, आणि मग पाय स्टँडकडे वळेनात. मी गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. एकेका दारात उभी राहिले, विचारलं, उत्तर ऐकलं आणि पुढं गेले. कुणी हसलं नाही. शेवटचं दार तिचं होतं. कुलूप मीच लावलेलं. आत कुणी नाही, कुठंच कुणी नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी पायरीवर उभी राहिले आणि मायलेकी दोघींना विचारलं, "पोट बरं हाय ना?"