तुरीच्या दोन ओळींमधली जागा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी आमच्या गटाच्या डिझाइन रिव्ह्यूचं नियोजन माझ्याकडे होतं. कलबुर्गीतल्या आमच्या कॉलेजची पद्धत अशी होती: गटाने वीस मिनिटांत आपलं यंत्र कागदावर पटवून द्यायचं, मग तीन परीक्षक प्रश्न विचारणार. मंजुरी मिळाली तर वर्कशॉपमध्ये काम सुरू. नाही मिळाली तर विभाग एखादा तयार विषय देणार आणि त्याचं यंत्र हैदराबादहून जुळवून आणायचं.

आम्ही तिघे होतो. गटप्रमुख मादन हिप्परगा गावची मुलगी, आणि कल्पनाही तिचीच. तूर दीड महिन्याची झाली की तिचे शेंडे खुडतात. त्याने फांद्या जास्त फुटतात. हे काम ओळींमधून चालत करणारा रोबो तिला बनवायचा होता. तयार विषय तिला नको होता. आदल्या वर्षी विकत आणलेली यंत्रं प्रदर्शनाच्या दिवशी चालली आणि नंतर बंद पडली, तेव्हा ती उघडायची कशी हे कोणालाच माहीत नव्हतं. ते तिने पाहिलं होतं.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिच्याच शेतात टेप धरून मापं घेतली. दोन ओळींमध्ये तीन फूट. रोबोच्या गाडीची रुंदी त्यावरून ठरली. काळ्या जमिनीतल्या भेगांमध्ये चाक अडकून ती उलटू नये म्हणून तिचं पोट जमिनीपासून वीतभरच उंच ठेवलं. ही कमी उंची आमची सगळ्यात मोठी जमेची बाजू होती. माझ्या वेळेच्या तक्त्यात तिला पाच मिनिटं होती. त्यानंतरची चार मिनिटं आमच्या तिसऱ्या सोबत्याने बनवलेल्या अॅनिमेशनला. स्लाइड इंग्रजीत, परीक्षकांचे निम्मे प्रश्न कन्नडात येणार, आणि आपसातलं भांडण मराठीत, ही वाटणी आपोआप झाली होती.

रिव्ह्यूच्या दोन दिवस आधी रिकाम्या वर्गात तालीम ठेवली. त्या दिवशी गटप्रमुखाचे वडील तूर घेऊन बाजारात आले होते. लेकीला भाकरी द्यायला आले आणि मागच्या बाकावर बसले.

"अप्पा, आज तुमी एक्स्टर्नल," सोबती म्हणाला. "पास-नापास तुमच्या हातात."

"च्या पाज आधी. समद्यांला पास करतो."

अॅनिमेशन सुरू झालं. हिरव्या ओळी, मध्ये मोकळी काळी जमीन, तिच्यावरून सरळ चालणारी गाडी. अप्पांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

"हे रान कवाचं हाय?"

"श्रावणातलं," ती म्हणाली. "खुडायच्या वक्ताचं."

"मग मूग कुठं गेला?"

तुरीच्या दोन ओळींमध्ये मूग पेरतात आणि शेंडे खुडायच्या वेळी तो रानात उभा असतो. आम्ही मापं घेतली तेव्हा तो निघून तीन महिने झाले होते. मुगाच्या शेंगा तोडणं तिला नवीन नव्हतं. दरवर्षी तीही तोडायला जायची. तरी टेप धरताना ती जागा आम्हा तिघांनाही मोकळीच दिसली. आमच्या गाडीच्या पोटाखाली सगळा मूग मोडला असता.

अप्पा बसची वेळ झाली म्हणून गेले. मी तक्ता पुढे ओढला आणि सांगितलं की परीक्षकांपैकी कोणाच्या हे लक्षात येणार नाही. मंजुरी घेऊ, उंची नंतर बदलू.

"कामून लपवायलास?" ती म्हणाली. "ह्या मापाची गाडी चालवायची कुठं? कॉलेजच्या व्हरांड्यात?"

"मग माझं अॅनिमेशन?" सोबत्याने विचारलं. "आठ दिवस बसलोय म्या."

"त्यात मूग लावून दे."

"दोन दिवसांत? तूच पेर की!"

शेवटी अॅनिमेशन काढून टाकलं. त्या चार मिनिटांत चूक सांगायची ठरली, आणि तीही सुरुवातीलाच. मी नवा तक्ता लिहिला, पण माझं मत बदललं नव्हतं. सोबती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोलला नाही.

रिव्ह्यूत विभागप्रमुख, आमचे मार्गदर्शक आणि हुमनाबादच्या एका कारखान्यातले इंजिनिअर होते. तिने पहिल्याच स्लाइडवर सांगितलं की आमचं मुख्य माप चुकलं आहे. विभागप्रमुखांनी कन्नडात विचारलं, हे कधी कळलं? परवा, ती म्हणाली. कोणी दाखवलं? माझ्या वडिलांनी. मग आज आलातच कशाला, तयार विषयांची यादी माझ्या टेबलावर आहे, असं ते म्हणाले. ती उभीच राहिली. हातातल्या कागदाची तिने दोनदा घडी घातली आणि दोनदा उलगडली.

इंजिनिअरांनी यादीचं बोलणं पुढे जाऊ दिलं नाही. मूग किती उंच असतो, त्यांनी विचारलं. तिने गुडघ्याजवळ हात धरला. गाडी तेवढी उचलली तर ती उलटेल, ते म्हणाले. उलटेल की नाही, ते करून पाहायचं आहे, असं तिने उत्तर दिलं. मुगाची नेमकी उंची किती? ते तिला सांगता आलं नाही. फेब्रुवारी अर्धा झाला होता, कुठल्याच रानात मूग नव्हता.

तिघांनी आपसात बोलून निर्णय दिला: पूर्ण मंजुरी नाही. फक्त सांगाडा आणि चाकं बनवा, शेंडे खुडणाऱ्या कातरीला हात लावू नका. तीन आठवड्यांनी पुन्हा या. तेव्हा सांगाडा टिकला नाही तर यादीतला विषय घ्यायचा.

मी तारीख लिहून घेत होतो. तिने मध्येच विचारलं, सहा आठवडे मिळतील का?

"सांगाड्याला सहा आठवडे?" विभागप्रमुख म्हणाले.

"सांगाड्याला नाही सर. मुगाला."

वर्कशॉपमागच्या पडीक जागेत नळ होता. तिथे तुरीच्या ओळींच्या जागी तीन फुटांवर दोऱ्या ताणून मध्ये मूग पेरू, रोज पाणी घालू, आणि गाडी त्यावरूनच चालवून दाखवू, असं तिने सांगितलं. हे माझ्या तक्त्यात नव्हतं. आम्हा दोघांनाही ते तिथेच कळलं.

इंजिनिअर हसले. विभागप्रमुख हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, पान उलटलं आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख सांगितली. मी आधीची खोडून ती लिहिली.