तलावावरची चूल

मंडळी, सकाळपासून तलावावर होतो, आत्ता घरी येऊन टेकलोय. कंबर लय दुखायलीय, तरी लिहितो.

दिनकर, सलीम आणि मी, आम्ही जुने दोस्त. चारठाण्याकडच्या आमच्या गावच्या तलावात दिवसभर गळ टाकून उन्हात बसलो. दुपार कलेपर्यंत एक मरळ आणि थोडे बारीक मासे लागले.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत आम्ही कॉलेजात होतो. माझी वस्ती भीमनगर आणि दिनकरचं बाकीचं गाव एकमेकांशी बोलत नव्हतं. तेव्हाही आम्ही इथंच चूल मांडायचो, एकाच ताटात जेवायचो आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी जायचो. दिनकरचं घर तलावाच्या पाळीवरून दिसतं. त्यानं कधी बोलावलं नाही, मी कधी गेलो नाही.

आज वारा चूल पेटू देईना. धुरानं डोळे लाल झाले. दिनकर वैतागून म्हणाला, "चला, माझ्या घरीच शिजवू. जवळच तर हाय."

सलीमनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "राहू दे. पेटायलीय."

पेटत नव्हती. पण खरं सांगतो, राग आला नव्हता. ज्या बोलावण्याची पोरवयात एवढी वाट पाहिली, ते आज आलं तेव्हा उठायचं त्राणच उरलं नव्हतं. अर्धेकच्चे मासे तिघांनी तिथंच खाल्ले.

तुमचाही आहे का असा एखादा जिवलग, ज्याचं घर तुम्ही फक्त बाहेरून पाहिलंय?