पानातली अळी

आमच्या गल्लीच्या टोकाला हेमांगी भंगाळे राहते. थंडीच्या दिवसांत तिच्याकडे कुणी गेलं, की स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेच्या बरण्या हमखास दिसतात. एकीत शेंगदाण्याचं तेल, लिंबू, मोहरीची पूड आणि चिमूटभर गूळ. दुसरीत चक्का, त्यात ठेचलेला लसूण आणि भाजलेली हिरवी मिरची. आणखी एकीत भाजलेले तीळ वाटून चिंचेच्या कोळात सैल केलेले. हेमांगी याला ड्रेसिंग म्हणते. तिच्या सासूबाई कमलबाई सगळ्यालाच चटणी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नाही.

हे सुरू झालं ते नवऱ्यामुळे. ललितला ऐन चाळिशीत साखर निघाली. जेवणाआधी वाटीभर कच्चं खा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकडी-टोमॅटोला तो आठवड्यात कंटाळला. मग हेमांगीने कुठून तरी बारक्या लेट्यूसचं बी मागवलं आणि ममुराबाद रस्त्यावरच्या त्यांच्या मळ्यात, रोपांसाठी बांधलेल्या शेडनेटच्या एका कोपऱ्यात ते लावलं. गड्डा तळहातात मावेल एवढाच होतो. पान मोडलं की कर्रकन आवाज येतो. जळगावच्या उन्हात ते टिकत नाही. दिवाळीनंतर लावायचं आणि महाशिवरात्रीपर्यंत संपवायचं. ललितने नाकं मुरडत खाल्लं, मग आवडीने खाल्लं. शेजारीपाजारी मागू लागले. पुढच्या हिवाळ्यात हेमांगी डबे भरून विकू लागली.

मळ्यात तिच्या हाताखाली मोगराबाई होती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. नवरा मानसिंग शेजारच्या मळ्यात राखणीला होता आणि दोघं तिथल्याच खोलीत राहत. मोगराबाई लेट्यूसला पिल्लू कोबी म्हणायची. सकाळी दव असतानाच ती गड्डे कापायची, मग दोघी मिळून पानं सुटी करायच्या, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, साध्या पाण्यातून काढायच्या. शेवटी पानं मलमलच्या फडक्यात बांधून ते गाठोडं हाताने गरागरा फिरवायचं, म्हणजे पाणी झडतं. ते काम मोगराबाईचं. ती मुद्दाम हेमांगीच्या बाजूला पाणी उडवायची आणि हेमांगी तिला शिव्या देत हसायची. दोन हिवाळे असे गेले.

तिसऱ्या हिवाळ्यात शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या कॅन्टीनमधून बोलावणं आलं. पेशंटच्या नातेवाइकांसाठी आणि स्टाफसाठी रोज सॅलड हवं होतं. आधी नमुना आणून दाखवा, म्हणाले. हेमांगीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. ललितने आपल्या दुकानात दहा जणांना सांगितलं.

नमुना न्यायच्या दिवशी सकाळी मोगराबाईने गड्डे कापून दिले, बहुतेक पानं धुऊन भरली. एक ट्रे राहिला होता. तेवढ्यात तिळाचं ड्रेसिंग घट्ट झालंय असं हेमांगीच्या लक्षात आलं. तिने मोगराबाईला ते सैल करायला, मग बाकीच्या बरण्या पुसून खोक्यात भरायला बसवलं आणि तो ट्रे स्वतः घेतला. लोडिंग रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. हेमांगीने पानं नळाखाली धरली, झटकली आणि भरली. मिठाचं पाणी तिने वगळलं. आपण ते वगळतोय, हे तिला तेव्हाही कळत होतं.

दवाखान्यात एका लांब टेबलाशी मोठे डॉक्टर, आहारतज्ज्ञ मॅडम आणि कॅन्टीनचे मॅनेजर बसले होते. मोगराबाई ट्रे उचलायला सोबत आली होती. ती दाराशी उभी राहिली. हेमांगीने बाऊल मांडले, वर ड्रेसिंग घातलं. डॉक्टरांनी दोन घास खाल्ले, मान हलवली. मॅडमनी शेंगदाण्याच्या तेलाचं कौतुक केलं. मग मॅनेजरने काट्याने एक पान उचललं आणि तसंच धरून ठेवलं. पानाच्या घडीत बारीक हिरवी अळी होती. जिवंत. ती डोकं वर करून इकडेतिकडे पाहत होती.

मॅडमनी काटा खाली ठेवला. हेमांगीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि तिच्या तोंडून निघालं, "सॉरी सर. आमच्या बाईचं काम आहे हे." ती दाराकडे वळली. "मोगराबाई, किती वेळा सांगितलं तुला, मिठाच्या पाण्यात ठेवल्याशिवाय भरायचं नाही म्हणून? ऐकतच नाही तू."

मोगराबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण नीट ऐकलं का, अशा नजरेने. मग तिने पदर नीट केला आणि फरशीकडे बघत उभी राहिली.

डॉक्टर हसले. "म्हणजे औषध फवारलेलं नाही, हे तरी सिद्ध झालं."

"माणसं जरा शिकवून घ्या," मॅडम म्हणाल्या. "अशा बायकांवर सोडून चालत नाही."

"हो मॅडम," हेमांगी म्हणाली.

काम मिळालं. सोमवारपासून सुरू करा, असं मॅनेजरने जाता जाता सांगितलं.

परत येताना मोगराबाई रिक्षात मागे रिकाम्या ट्रेंवर हात ठेवून बसली होती. हेमांगी तिच्या शेजारी. बोलायला अख्खा रस्ता होता. हेमांगी बोललीही, सोमवारी किती गड्डे लागतील, आणखी दोन वाफे टाकायला हवेत, असं. माफीचा शब्द जिभेवर यायचा आणि पुढे रिक्षावाला आहे, असं ती स्वतःला सांगायची. मळा यायच्या आधीच, नाल्याच्या पुलाशी मोगराबाईने रिक्षा थांबवायला सांगितली.

"इथं उतरते," ती म्हणाली आणि बांधाबांधाने निघून गेली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.

"मोगरा काबर येत नही व?" कमलबाईंनी विचारलं.

हेमांगी बरणी हलवत होती. "काय माहीत. दवाखान्यात अळी निघाली ना, तेव्हा मी जरा बोलले तिला. राग आला असेल."

"धुवायचं तं नीट धुवायचं. वरून राग," कमलबाई म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून गल्लीत कुणी विचारलं की त्या सांगू लागल्या, "ते लोक असेच राहतात. किती जीव लावा, काही उपयोग नही." हेमांगी आत स्वयंपाकघरात ते ऐकायची. एकदा मीही ओसरीवर बसले होते. हेमांगी चहा घेऊन आली, सासूबाईंचं वाक्य कानावर पडलं आणि कप ठेवताना तिने अर्धा चहा बशीत सांडला. मला तेव्हा काहीच कळलं नाही.

दवाखान्यातलं काम चांगलं चाललं. मॅडम रोज डबा उघडून नुसतं पाहायच्या, मग झाकण लावायच्या. हेमांगी प्रत्येक पान उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघू लागली. पण तिला स्वतःला ते पान खाववेना. पाहुण्यांसमोर ललित कौतुकाने सांगायचा, "अळी निघूनही काम दिलं त्यांनी, बोला." पाहुणे हसायचे. ती उठून आत जायची.

शेवटी एका दुपारी ती मोगराबाईला शोधायला गेली. मोगराबाई पुढच्या शिवारात कापूस वेचत होती. कमरेला बांधलेली ओटी भरून फुगली होती. हेमांगीने सोबत केळीच्या वेफर्सचा आणि मिठाईचा पुडा नेला होता. तो हातात धरून ती बांधावर उभी राहिली आणि आपण काय घेऊन आलोय, याचीच तिला लाज वाटली.

"मोगराबाई, तो ट्रे मी धुतला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे," मोगराबाई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "तुम्हीच धुतला. मी बरण्या भरत होते."

"माझ्या तोंडून निघून गेलं."

"तिथं निघालं ते निघालं. तुमचं काम होतं, मोठी माणसं होती. मी तिथं बोलले असते तर तुमचं काम गेलं असतं, म्हणून मी नाही बोलले." तिने एक बोंड ओढून काढलं. "पण रिक्षात बोलाल असं वाटलं. तुम्ही वाफ्यांचं बोलत राहिलात."

हेमांगीने पुडा पुढे केला. "तू परत ये," ती म्हणाली.

"कशी येऊ, ताई? तिथं ट्रे घेऊन जावं लागेल. त्यांच्यासाठी मी घाण बाई. ती मॅडम माझ्या हाताकडे बघेल."

"मी त्यांना सांगते. खरं काय ते सांगते."

मोगराबाई वेचत राहिली. मिठाईचा पुडा तिने घेतला नाही. हेमांगीने तो घरी आणला आणि फ्रीजवर ठेवला. तो तिथेच बुरशी येईपर्यंत राहिला.

सांगते म्हणणं सोपं होतं. रोज डबे घेऊन जाताना हेमांगी ठरवायची आणि रोज काही तरी आडवं यायचं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये असायचे. मॅडमच्या खोलीत कुणी बसलेलं असायचं. पण खरं कारण तिला माहीत होतं. आज ही बाई खोटं बोलल्याचं कबूल करते, उद्या आणखी काय लपवेल, असं त्यांना वाटलं तर? संक्रांत आली. तिळाचं ड्रेसिंग सगळ्यांना आवडलं, कॅन्टीनने डबे वाढवून मागितले. त्या दिवशी तिला आणखी वाट पाहवेना. ती मॅडमच्या खोलीत गेली. योगायोगाने मोठे डॉक्टरही तिथेच होते.

उभ्या उभ्याच ती बोलली. "पहिल्या दिवशी अळी निघाली होती ना, तो ट्रे मी स्वतः धुतला होता. घाईत नीट धुतला नाही. मी मोगराबाईचं नाव घेतलं. तिचा काही दोष नव्हता."

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. "अळी निघाली होती का?"

"हो सर, एकदा," मॅडम म्हणाल्या. मग हेमांगीकडे वळून, "पण तुमच्यासोबत कुणी होतं का तेव्हा? मला तर तुम्ही एकट्याच आठवता."

"दाराशी उभी होती. तुम्ही म्हणालात, अशा बायकांवर सोडून चालत नाही."

"मी म्हणाले असं?" मॅडमना खरंच आठवत नव्हतं. "असू दे हो. सध्या काही तक्रार नाही ना? मग झालं तर."

ती बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. काम जाईल म्हणून ती इतके दिवस भ्यायली होती. आणि ज्यांच्यासमोर तिने मोगराबाईला खाली बघायला लावलं, त्यांनी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. ते ऐकल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

तिथून ती सरळ शिवारात गेली. कापसाची शेवटची वेचणी चालू होती.

"सांगितलं मी," ती म्हणाली.

मोगराबाई या वेळी थांबली. "काय म्हणाले?"

वाटेत हेमांगीने एक उत्तर तयार केलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं, तुझी माफी मागितली आहे, असं. मोगराबाईला बरं वाटलं असतं. पण समोर उभं राहिल्यावर ते तिच्याने बोलवेना. आणखी एकदा या बाईच्या नावावर काही रचून सांगायचं नाही, एवढंच तिला वाटलं.

"त्यांना तू आठवतच नव्हतीस," ती म्हणाली. "कुणी होतं का सोबत, असं विचारलं मला."

मोगराबाईने पाठ सरळ केली. तिने ओटीतला कापूस दाबून खाली सारला.

"मला आठवतं ना," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे वळली.

घरी कमलबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. हेमांगी त्यांच्याजवळ बसली आणि सगळं सांगून टाकलं. हे मोगराबाईला सांगण्याहून कठीण गेलं, असं ती म्हणते. कमलबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"मंग मी इतके दिवस तिले नावं ठेवत होती, ते कोणाच्या जिवावर?" त्या म्हणाल्या.

हेमांगी सूप ओढून खडे वेचू लागली.

"मले खोटं पाडलं तू. चार लोकांत." मग त्यांनी विचारलं, "तिनं तो पाला खाल्ला का कधी? तुझी चटणी घालून?"

हेमांगीने आठवून पाहिलं. दोन हिवाळे आणि वर काही दिवस, रोज सकाळी मोगराबाईने ती पानं कापली, धुतली, फडक्यात फिरवली. एकदाही हेमांगीने तिच्या हातात वाटी दिली नव्हती. तसं तिच्या मनातच आलं नव्हतं.

कमलबाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून एक केलं. ज्या ज्या घरी त्या मोगराबाईबद्दल बोलल्या होत्या, तिथे जाऊन त्यांनी सांगितलं की चूक आमच्या सुनेची होती. आमच्याकडेही आल्या. त्यामुळे गल्लीत सगळ्यांना कळलं. भाजी घ्यायला गेलं की बायका हेमांगीशी जरा जपून बोलायच्या. हेमांगीने सासूला अडवलं नाही.

होळीच्या आधी मोगराबाई आणि मानसिंग भोंगऱ्या बाजारासाठी, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या जत्रेसाठी, आपल्या पाड्यावर गेले. हेमांगीचं लेट्यूसही उन्हाने संपलं. दिवाळीनंतर ती दोघं परत त्याच मळ्यात आली, तेव्हा हेमांगीच्या वाफ्यांत नवीन गड्डे धरले होते.

एका सकाळी मोगराबाई विहिरीवर आली होती. हेमांगीने तिला हाक मारली. शेडनेटच्या सावलीत पोतं अंथरलं, ताजी पानं धुऊन फोडली, वर शेंगदाण्याच्या तेलाचं ड्रेसिंग घातलं आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. हे तिनेच मला सांगितलं.

मोगराबाईने फडक्यातली भाकरी काढली आणि पानं भाकरीत धरून खाल्ली. हळूहळू, सगळी.

"बरं लागतं," ती म्हणाली. "आंबट थोडं जास्त आहे. आणि पोट नाही भरत याने."

"नाही भरत," हेमांगी म्हणाली.

"ही वाटी मला नव्हती दिली कधी."

"नव्हती."

मोगराबाईने वाटी विसळून उपडी ठेवली, हंडा डोक्यावर घेतला आणि शेजारच्या मळ्याकडे निघाली. हेमांगीने कामाला येतेस का, असं विचारलं नाही, आणि मोगराबाई त्या हिवाळ्यात आलीही नाही. अधूनमधून विहिरीवर दोघींची गाठ पडते. मोगराबाई पाड्यावरच्या पोरांचं, पावसाचं बोलते. हेमांगी ऐकते. मधूनच तिची नजर खाली जाते आणि मग बराच वेळ ती वर बघत नाही.