शेजारची सीट

दुसऱ्यांच्या टेंपोची वाट बघत बंदरावर उभं राहायला मी पुरता विटलो होतो. हर्णेच्या लिलावात घेतलेली मासळी रोज खेडला पोचवायची, आणि रोज कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करायच्या. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. एक जुनी पिकअप घ्यायचं घरात ठरलं.

माझ्यापेक्षा बाबांनाच तिची घाई होती. जन्मभर तांडेल म्हणून होडी हाकलेला माणूस, गुडघे गेल्यापासून ओट्यावर बसून होता. रोज रिक्षा करून पाहुण्यासारखं बंदरावर जाणं त्यांना पटत नसे. "गाडी आली की सांजच्याला मला लिलावाला ने. बाकी काय नको," एवढंच त्यांचं मागणं.

खेडला एका गॅरेजच्या आवारात दोन गाड्या होत्या, एक बुटकी, एक उंच. आमच्याकडे होडी घेताना ती किनाऱ्यावर ओढतात आणि खालून बघतात. बाबांनी गाडीही तशीच बघायला लावली. ते काठी टेकून उभे, मी खाली चिखलात आडवा. स्प्रिंगचे पाटे बघ, गंज बघ, ठोकून बघ. मी पान्याने ठोकायचो, ते कान देऊन ऐकायचे. बुटकीचा तळ थोडा गंजलेला निघाला. उंच गाडी खणखणीत वाजली.

"हीच घे."

तासभर आम्ही तिच्या पोटाखाली घालवला. बाबांना एकदा आत बसवून बघावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

गाडी आणण्याआधी मी शेजारच्या सीटला नवं रेक्झिन घालून घेतलं. आईने नारळ फोडला. बाबा धुतलेला शर्ट घालून तयार होते. त्यांनी पाय उचलला, पण गुडघा तेवढा वाकेना. खाली स्टूल ठेवलं, तरी जमेना. मी मागून जोर लावला तसे ते भडकले.

"सोड. पोतं हाय काय मी?"

मग मी गाडी उलटी घेऊन ओट्याला लावली. मागचं फळकं पाडलं की हौदा ओट्याच्या बरोबरीला यायचा. ते चालत आत गेले आणि मासळीच्या पालथ्या क्रेटवर पाय पसरून बसले. चार वर्षं ते तसेच बंदरावर आले, वाशेळ्या क्रेट्सच्या मधोमध. वळण आलं की काठीने पत्रा ठोकायचे, म्हणजे हळू. मी कधी चिडायचो. घरी येईपर्यंत माझ्या अंगात त्राण नसायचं. शेजारच्या सीटवर मी कुणाला बसवलं नाही. मनच झालं नाही.

बाबा गेल्यावर वर्षभरात गाडी विकली. घेणारा मंडणगडचा होता. त्याने खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. सरळ दार उघडलं, शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि रेक्झिनवरून हात फिरवला.

"ही तर नवीच हाय हो. कोण बसतच नव्हतं काय?"

"नाही," मी म्हणालो, आणि चावी त्याच्या हातात दिली.