पाहुण्याची व्याख्या

मी बोटीवर असतो. आमच्या रत्नागिरीत एवढं सांगितलं की पुरतं. मालवाहू जहाज, इंजिनरूम, फिटरचं काम, या तपशिलात कोणाला रस नसतो. लोकांना दोनच गोष्टी हव्या असतात आणि त्या ते एका दमात विचारतात, "कधी आलास? परत कधी जाणार?" स्टेशनावरचा रिक्षावाला विचारतो, मच्छीवाली विचारते, न्हावी तर माझी मान हातात धरून विचारतो. त्या दुसऱ्या प्रश्नाने माझं टाळकं सणकतं. अरे, माणूस आपल्या घरी आलाय, त्याला जरा टेकू तरी द्या!

म्हणून या खेपेला मी पक्कं ठरवून आलो होतो की घरात घरच्या माणसासारखं राहायचं. कामाला हात लावायचा, उपयोगी पडायचं. पण बायको काही करू देईल तर शपथ. झाडू उचलला की म्हणायची, "अहो, बसा तुम्ही, थकला असाल." येऊन पंधरवडा उलटला तरी मी आपला थकलेलाच. चहा सोनेरी काठाच्या कपबशीत हातात यायचा. ताटात रोज सुरमई. मला खरं तर बांगडा जास्त आवडतो, पण सुरमईला नाही म्हणायचं धाडस कोकणात कोण करील?

शिवाय या घरात एक भाषा चालते, ती मला येत नाही. बायको लेकीला सांगते, "अगो, ते त्याच्यावरचं ते घे आणि त्यात ठेव." आणि सहावीतली ती पोर बरोबर ते घेऊन त्यात ठेवते! मी मधे उभा. आमच्या इंजिनरूममध्ये असं बोललं तर बोट बुडेल. तिथे प्रत्येक व्हॉल्व्हवर पाटी असते, प्रत्येक पाइपाला ठरलेला रंग असतो. जे आहे त्याचं नाव घ्यायचं, आणि जे नाव घेतलं तेच असलं पाहिजे, हे माझ्या अंगात मुरलेलं.

तेव्हा एका दुपारी बायको बँकेत गेलेली बघून मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना पाट्या लावल्या. नुसत्या पाट्या लावून थांबलो नाही, डबे मुळाक्षरांच्या क्रमाने फळीवर मांडले. आमसुलं, कुळथाचं पीठ, गूळ, चणाडाळ, अशी शिस्तीत रांग. बायको आली, दारातच थबकली. फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "छान केलंत. असू दे." मला केवढा आनंद झाला! 'असू दे' या शब्दांकडे माझं तेव्हा लक्षच गेलं नाही.

अशात लेकीला शाळेतून गृहपाठ मिळाला. रोजच्या वापरातल्या शब्दांच्या व्याख्या लिहून आणायच्या. बाईंची अट मोठी मजेशीर होती. वर्गात नुसती व्याख्या वाचायची, शब्द सांगायचा नाही, आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. व्याख्या भलत्याच कशाला लागू पडली की चुकली. लेक माझ्याकडे वही घेऊन आली आणि मला घरात पहिलं खरं काम मिळालं. मी चष्मा पुसून बसलो.

पहिला शब्द 'होडी'. माझ्या हातचा मळ. मी खाकरून सांगितलं, "लिही. मनुष्य अथवा माल यांची जलमार्गाने वाहतूक करण्यासाठी बनविलेली, आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगणारी पोकळ रचना."

ती पेन्सिल चावत म्हणाली, "बाबा, यात तुमची बोट पण बसते."

"होडी लहान असते."

"लहान म्हणजे केवढी?"

मी मीटरांत बोलू लागलो, तोवर तिने स्वतःच लिहून टाकलं, 'वल्ह्याने हाकतात आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झावळांनी झाकून ठेवतात.' वर्गातली अर्धी पोरं समुद्राकाठची, त्यांनी हे ऐकून चटकन ओळखलं असतं. मला थोडं लागलं, पण व्याख्येत खोट काढता येईना.

दुसरा शब्द 'उंबरठा'. मी काही सांगायच्या आधीच तिला हसू फुटलं. बोटीवरच्या दारांची चौकट खाली गुडघ्याएवढी उंच असते, त्यामुळे घरातला बोटभर उंबरठा ओलांडतानाही मी पाय उंच उचलतो. तिने लिहिलं, 'दाराखालचं आडवं लाकूड, जे ओलांडायला फार उंच पाय उचलावा लागत नाही.' आतून बायकोचं हसणं ऐकू आलं.

तिसरा शब्द 'पाहुणा'. तिथे मात्र मी तिला पद्धत शिकवली. "व्याख्या केली की तिच्यात कोण चोरून शिरतंय ते बघायचं," मी म्हटलं. "एकेक माणूस धरायचा आणि तपासायचा. लिही, बाहेरून घरात येतो तो पाहुणा. आता तपास."

तपासायला माणूस आपल्या पायांनीच आला. शेजारच्या काकू मागच्या दाराने आत शिरल्या, "किसणी नेतंय गो बाय!" असं कोणाला तरी उद्देशून म्हणाल्या, न बघता दाराआड हात घातला, खिळ्यावरून किसणी काढली आणि गेल्यादेखील.

"काकू बाहेरून आल्या, पण पाहुण्या नाहीत," लेक म्हणाली. "त्यांना सगळं माहितीये कुठे असतं ते."

"शाब्बास! मग ते घाल व्याख्येत."

ती लिहीत बसली आणि मी शिकवणीवर खूश होऊन पेपर उघडला. थोड्या वेळाने तिने वाचून दाखवलं, "पाहुणा म्हणजे जो लांबून येतो आणि ज्याला सगळे विचारतात, परत कधी जाणार. त्याला चांगल्या कपात चहा देतात. तो असेपर्यंत सुरमई आणतात. कुठली वस्तू कुठे असते ते त्याला विचारावं लागतं. त्याने काही बिघडवलं तरी त्याला कोणी ओरडत नाही, असू दे म्हणतात."

मी म्हटलं, "फक्कड! आता तपास."

तिने शेजारच्या काकूंना तपासलं, दूधवाल्याला तपासलं, मामाला तपासलं. मामा बसला. मग माझ्याकडे बघितलं. वहीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

"बाबा, तुम्ही पण बसताय." तिच्या स्वरात दुःखबिख काही नव्हतं, गणित चुकल्याचा वैताग होता. "म्हणजे चुकली."

माझ्या शेजारी सोनेरी काठाची कपबशी होती. मी हसून म्हटलं, "बघू या सकाळी." पण मला फार वाईट वाटलं. न्हाव्यावर चिडता येत होतं, रिक्षावाल्यावर चिडता येत होतं. या पोरीवर कसा चिडणार? एकेक वाक्य खरं होतं, आणि तपासायची पद्धतही माझीच. आतून बायकोचा आवाज आला, "अगो, दुसरं काहीतरी लिही ना!" तेही माझी समजूत काढल्यासारखंच. मग तर अजूनच वाईट वाटलं.

सकाळी लेक पेन्सिलीला टोक काढून वहीसमोर बसली होती. मी दाढी करत होतो. आज सुरमई मिळाली नव्हती म्हणून बायको बांगड्याचं कालवण करत होती, गॅसवर दुसरीकडे चहा, आणि शाळेची रिक्षा यायची वेळ झालेली. अचानक स्वयंपाकघरात पळी आपटली.

"अहो!"

असं 'अहो' मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. साबण तोंडाला तसाच ठेवून धावलो.

"साखर पडली कालवणात! एवढी वर्षं मिठाचा डबा इथे होता, माझा हात इथेच जातो! कोणी सांगितले होते नसते उद्योग? गुळाशेजारी काय तर कुळथाचं पीठ, हे काय दुकान आहे?"

"अगं, पण डब्यावर 'साखर' लिहिलंय..."

"लिहिलंय! पाट्या वाचत स्वयंपाक करू? मी काय पहिलीत आहे? त्या दिवशीच बोलणार होते, तर म्हटलं माणूस चार दिवस आलाय, कशाला बोला! बांगडे वाया घालवलेत सगळे! उतरवा ते डबे. आत्ताच्या आत्ता! आणि होते तिथे ठेवा!"

मी तोंडाला फेस लावून उभा होतो. लेक दारात आली. आधी घाबरली होती, मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"आई ओरडली!" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही बसत नाही आता! बरोबर आहे माझी व्याख्या!"

वही दप्तरात कोंबून ती रिक्षेकडे पळाली. बायकोला हसावं की रागवावं ते कळेना, पण शेवटी ती रागवलेलीच राहिली, आणि मी तिचा आयुष्यभराचा ऋणी झालो. मी तोंड धुऊन निमूटपणे डबे खाली काढू लागलो. कोणता कुठे होता हे मला अर्थातच ठाऊक नव्हतं, पण चुकला की ती हातातून हिसकावून घेऊन जागेवर ठेवत होती.

"चहा?" मी हळूच म्हटलं.

"टोपात आहे. घ्या गाळून." तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

फडताळातला एक टवका उडालेला कप घेतला. गाळणं कुठे असतं ते मला माहीत नव्हतं. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तो गिळला, आणि काकूंसारखाच न बघता मागच्या दाराआड, किसणीच्या खिळ्याकडे हात घातला.