कोंबड्याचं अर्धं तिकीट

आमच्या पहिल्या अल्बमचा स्टुडिओ धानाच्या कट्ट्यांचा, म्हणजे पोत्यांचा होता. सडक अर्जुनीला मामाजींच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत आवाज इतका स्वच्छ यायचा की मामेभाऊ, म्हणजे आमचा गिटारवाला दादा, खुशीने वेडा झाला होता. नऊपैकी आठ गाणी झाली. नववं माझ्यामुळे अडलं होतं.

ते गाणं एसटीत बसलेल्या कोंबड्याचं. कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागतो आणि कोंबडा दर वेळी तीन सुरांत विचारतो, "काऊन?" म्हणजे, का बरं? शब्द माझे होते, तिन्ही सूरही मलाच एकावर एक रेकॉर्ड करून गायचे होते. मी इंग्रजी शाळेतली. घरच्यांसमोरसुद्धा ही इकडची बोली माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून रोज म्हणायचे, उद्या करू.

कट्टे विकण्यासाठीच ठेवलेत, हे आम्हा दोघांच्याही डोक्यातून पार गेलं होतं. एका सकाळी दहाला ट्रक लागला. हमालांनी भराभर पाठीवर कट्टे घेतले आणि तासाभरात गोदाम घुमायला लागलं. एकच कोपरा उरला. तो गेला की कोंबडा विहिरीतून बोलल्यासारखा वाटला असता. दादा वायरी ओढत कोपऱ्याकडे पळाला. हमालांच्या मुकादमाशी बोलायला मीच उरले.

"काका, हा कोपरा शेवटी उचलाल का?"

"काऊन?"

मला एकदम हसू फुटलं. माझ्या कोंबड्याला हवा होता तोच ठसका. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, कंडक्टरसकट.

"कोंबडा गाऊन राहिली तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हमालांना हाक मारली, "बसा रे. चाय घ्या. पोरगी कोंबडा करते."

सहा जण कप घेऊन समोर बसले.

"आमची चाय होतवरी गाऊन घे," मुकादम म्हणाले.

पहिला सूर मी डोळे मिटून गायले. दुसऱ्याला डोळे उघडले, तर एक हमाल तोंडावर गमछा दाबून हसत होता, माइकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून. तिसऱ्याला मी त्याच्याकडेच बघून गायले, आणि "काऊन" असं सुटलं की दादाची मान लॅपटॉपवरून झटकन वर आली. त्याने अंगठा दाखवला. झालं होतं. मला परत गायचं होतं.

मुकादमांनी हेडफोन मागितला. कप खाली ठेवून त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, तिन्ही आवाज एकत्र, चेहरा कोर्टात बसल्यासारखा.

"बाकीच्या दोघी कुठं हायेत?"

"तिन्ही मीच आहे, काका."

"तिघीबी तूच?" त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला. "मंग बोलतेस एवढी हळू काऊन?"

मागे हमाल हसत उठले आणि त्यांनी कोपऱ्यातला पहिला कट्टा उचलला.